मुक्ताची हळद

माळा उतरवला की घराच्या पोटातलं काय काय बाहेर येतं. तळवलीच्या त्या घरातून पितळेचे हंडे आले, मोडका पाळणा आला, मासेमारीच्या जाळ्याची शिसं आली आणि शेवटी गोणपाटात बांधलेल्या दोनएकशे कॅसेटी आल्या. घरच्या लेकीचं, प्रियाचं, लग्न तेवढं याच अंगणातून व्हायचं होतं. मग घर पडणार होतं आणि जागेवर पाच मजले चढणार होते.

घरातली सून उन्नती. तिनं गोणीचा फोटो काढून मोबाइलवर विकायला टाकला आणि दुसऱ्याच दिवशी हौसेराव दारात आला.

हौसेराव मूळचा साताऱ्याकडचा, जावळीच्या खोऱ्यातला. तुर्भ्याच्या कांदा-बटाटा बाजारात त्यानं अडतीस वर्षं मापाडी म्हणून काढली. वजन करणं हेच काम. त्याच्या काट्यावर शेतकऱ्याचा विश्वास आणि व्यापाऱ्याचाही. निवृत्त झाल्यावर त्याला जुन्या कॅसेटींचा नाद लागला. त्या नादाचे लोक नवी मुंबईत बारा-पंधरा होते. फोनवर त्यांचा ग्रुप होता, आणि महिन्यातून एकदा ते सानपाड्याला चहाच्या गाड्यावर जमत, एकमेकांच्या कॅसेटी उलट्यासुलट्या करून बघत, विकत, बदलत.

"काका, सगळ्या घेणार असाल तर सातशे द्या," उन्नती म्हणाली. "निवडून नाय देणार हां. नायतर चांगल्या-चांगल्या तुमी नेणार आणि कचरा आमच्या गळ्यात."

"निवडायचंय कशाला, बाळ. सगळ्याच न्हेतो."

तरी त्याचा हात गोणीत गेलाच. मापाड्याचा हात तो. चार कॅसेटी उचलल्या, सारख्या वजनाच्या. पाचवी उचलली आणि हात थांबला. ती जड होती. परदेशात एके काळी धातूच्या फितीच्या कॅसेटी निघत. त्यांचं कवच जड, फीत काळीभोर, आवाज असा की गाणारा शेजारी बसलाय. आता तशा निघत नाहीत. नादिष्ट माणसं त्या एकेका कॅसेटीला चार-चार हजार देतात. ही कुणीतरी जहाजावरून आणलेली दिसत होती. तिच्यावर कागदी चिठ्ठी होती, निळ्या पेनानं लिहिलेली: मुक्ता हळद.

ओट्यावर खाटेवर एक म्हातारी बसली होती. उन्नतीची आजेसासू, बायजाबाई. आगरी लग्नात भटजीच्या आधी धवलारीण लागते. ती धवले, म्हणजे लग्नविधीची गाणी, गाते, आणि धवला उठल्याशिवाय नवरीच्या अंगाला हळद लागत नाही. बायजाबाई पन्नास वर्षं धवलारीण होती. घणसोलीपासून उरणपर्यंत कुणाच्या मांडवात ती गायली नव्हती असं नाही. तीन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला. पाय गेला, उजवा हात गेला आणि वाचा गेली. सगळं समजायचं, पण तोंडातून 'आं'शिवाय काही निघायचं नाही.

हौसेरावच्या हातातली कॅसेट बघून तिनं डावा हात वर केला. "आं… आं…"

"पाणी पायजे काय, आजी?" उन्नतीनं तांब्या पुढं केला. म्हातारीनं मान फिरवली.

"काका, एवढं टक लावून काय बघताय?" उन्नती हसत म्हणाली. "सोनं-बिनं नाय ना निघालं त्यात?"

हौसेरावही हसला. "सोनं कुठलं आलंय गं. भंगार हाय सगळं."

सातशे रुपये दिले. गोण रिक्षात टाकली. कोपरखैरण्यापर्यंत तो स्वतःशीच बोलत गेला. ग्रुपचा एक रिवाज होता: विकणाऱ्यानं भाव विचारला तरच खरा भाव सांगायचा, आपण होऊन सांगायचा नाही. भंगारवालाही सांगत नाही आणि सोनारही सांगत नाही. तिनं भाव कुठं विचारला? तिनं सोनं विचारलं. सोनं नव्हतंच. काटा इतका बारीक धरला की त्याला वाटलं, तो सरळच आहे.

घरी राहीबाईनं गोण बघितली आणि पदर खोचला. "आणलं आणखी एक मढं? आवं, जित्या माणसाला बसाय जागा न्हाई हितं."

"मढं न्हाई ते. आवाज हाईत."

"मग माझ्यासंगं बोलाय लावा त्यास्नी. तुमी तर बोलत न्हाई."

त्यानं जड कॅसेट तेवढी बाजूला काढली, डेकमध्ये घातली आणि कळ दाबली. आधी भांड्यांचा आवाज आला, बायकांचा कालवा आला, कुठंतरी कोंबडा ओरडला. मग एकदम सगळं शांत झालं आणि एक बाई गाऊ लागली. नुसता गळा, वाद्य नाही. आवाज खाऱ्या वाऱ्यासारखा, अंगाला लागणारा, किंचित फाटलेला. एक ओळ झाली, दुसरी ओळ झाली. दुसरी ओळ सवाल करून थांबली, आणि बाईनं श्वास घेतला.

हौसेरावनं कळ दाबून कॅसेट थांबवली.

तिसरी ओळ ऐकली असती तर पुसवलं नसतं, हे त्याला तिथंच कळलं होतं. म्हणून तर त्यानं ती ऐकली नाही.

पुसायचं कशाला? तोही एक नियमच होता, आणि तो हौसेरावनंच घालून दिला होता. दोन वर्षांपूर्वी सानपाड्याला कुणीतरी भंगारातली कॅसेट लावली. त्यात एक नवरा बायकोची रडत-रडत माफी मागत होता. सगळे चहा सांडेपर्यंत हसले. हौसेरावला ते सोसलं नाही. तो उठून म्हणाला होता, "कुणाच्या घरातला आवाज बाजारात न्यायचा न्हाई. विकायच्या आधी कॅसेट धुऊनच द्यायची." सगळ्यांनी मान डोलावली. तेव्हापासून ग्रुपमध्ये कोरी कॅसेट म्हणजे सभ्य कॅसेट. पुसायला एक विजेचं चुंबक असतं, कपड्याच्या इस्त्रीएवढं. म्हणून त्या कामाला नावच पडलं, इस्त्री करणं. आणि खरं सांगायचं तर कोऱ्या कॅसेटीला भावही जास्त येई.

त्यानं निलगिरीचं तेल लावून चिठ्ठी सोडवली. 'मुक्ता' आधी निघाली. 'हळद' थोडी चिकटून राहिली, ती नखानं खरवडली. मग इस्त्री लावली. धातूची फीत हट्टी असते, एका हातात पुसली जात नाही. चुंबक तापलं की थांबायचं, गार झालं की पुन्हा फिरवायचं. त्यानं चार वेळा फिरवलं. काम अर्धवट ठेवणं त्याला ठाऊक नव्हतं. मग कॅसेट लावून बघितली. ओहोटीला खाडी पार आत गेल्यावर नुसता चिखल सुस्कारतो, तसा आवाज येत होता. दुसरं काही नाही.

रविवारी ती बेलापूरच्या धर्मराजनं घेतली. चार हजार मोजून घेतली आणि वर म्हणाला, "काका, तुमच्याकडून माल घेतला की तपासावा लागत नाही."

बारा दिवसांनी फोन आला.

"काका, मी तळवलीची उन्नती. गोणीवाली. ओळखलं ना?" आवाजात घाई होती. "माझ्या आत्येसासू आल्यात जासईवरनं, मुक्ताबाई. त्या काय बोलतायत जरा ऐका."

फोन दुसऱ्या हातात गेला. "भाऊ, तुमचे कडं एक जड कॅसेट हाय बघा. माझे हलदीची हाय ती. आमचा धनाजीदादा जहाजावं होता. त्यान टेप केलेला, आयचा घरचा धवला. आता दादा पन नाय रायला."

"घरचा धवला म्हंजे?"

"आय लोकांचे मांडवान लोकांचं धवलं गायची. ते बाकीच्या बायांना थोडंबहुत येतं. पन आमचे घरचा येगला. तिचे आयशीन तिला दिला, आमचे घरचे पोरींनाच गायची ती. मना तिनं शिकवला नाय, मीच शिकली नाय. बोलली, नंतर शिकन. माझे हलदीला गायली ती शेवटची. शुक्रवारी आमचे प्रियाची हलद हाय, भाऊ. आय बोलत नाय, पन कॅसेट गेलेली तिला कललंय. मी येऊन कॅसेट शोधली तवापासून, चार दिवस झालं, जेवत नाय."

हौसेराव म्हणाला, "बघतो. गोण अजून सोडली न्हाई मी."

उन्नतीचा आवाज परत आला. "थँक्यू काका! जीव भांड्यात पडला आमचा. पायजे तर पैसे परत घ्या, नायतर दुसऱ्या कॅसेटी देते. ती एकच द्या फक्त."

फोन ठेवला तेव्हा राहीबाई दारात उभी होती. "गोण तर त्याच दिशी सोडली तुमी," ती म्हणाली. एवढंच म्हणाली आणि आत गेली.

त्याच दुपारी तो बेलापूरला गेला. एकच आशा होती. धातूची फीत हट्टी असते. चार वेळा पुसली तरी तळाशी काही राहिलं असेल. कांद्याची गोण झटकली तरी सालपट राहतं, तसं.

धर्मराजच्या घरी कॅसेटींना काचेचं कपाट होतं, आत गारवा, ओल शोषणाऱ्या पुड्या. तो कंटेनर यार्डात साहेब होता, वय पस्तिशीचं. त्यानं सगळं ऐकून घेतलं. कॅसेट काढली, डेकमध्ये घातली, आवाज पार शेवटपर्यंत वाढवला आणि हेडफोन हौसेरावच्या कानावर चढवला.

खाडीचा चिखल सुस्कारत होता. मिनिट गेलं. दोन गेली. मग त्या सुस्काऱ्याच्या खालून काहीतरी आलं. घुमल्यासारखं. थांबून, परत. थांबून, परत.

"हाय!" हौसेराव ओरडलाच. "हाय रं, हाय! कुणीतरी हाय आत!"

धर्मराजनं हेडफोन आपल्या कानाला लावला. बराच वेळ ऐकलं. मग हळूच काढून ठेवला.

"काका, ती बाई नाही. तुमची इस्त्री आहे. चुंबक फिरवताना त्याची जी घुमघुम होते ना, ती उमटलीय फितीवर."

हौसेराव खाली बसला. फरशीवरच बसला.

"तुम्ही चारदा फिरवलीत," धर्मराज म्हणाला. "दुसऱ्या कोणी एकदाच फिरवून विकली असती, तर कदाचित मिळाली असती." त्याला टोचायचं नव्हतं. तो खरंच हळहळत होता, म्हणून जास्त लागलं.

त्यानं कॅसेट डबीत घालून हौसेरावच्या हातात ठेवली. पैसे घेतले नाहीत. मग कपाटाकडे बघत म्हणाला, "सांगा त्यांना, बुरशी लागली होती, फीत चिकटली. जुन्या कॅसेटी मरतातच काका, कोणाला शंका पण येणार नाही. खरं सांगून त्यांना काय मिळणार? ह्या सगळ्या बघा. तीनशे चाळीस आहेत. सगळ्या कोऱ्या. प्रत्येकीत आधी कोणी ना कोणी असेलच ना? आपण कुठं विचारतो?"

हौसेरावनं कपाटाकडं बघितलं. काचेआड रांगाच्या रांगा, स्वच्छ, बिनचिठ्ठीच्या. त्याला वाटलं, आपण एवढ्या माणसांचं तोंड दाबून ठेवलंय आणि त्याला सभ्यपणा म्हटलंय.

शुक्रवारपर्यंत त्यानं बुरशीचं बोलणं घोकलं. फीत चिकटली हो ताई. लई वाईट झालं हो ताई. आंघोळ करताना घोकलं, जेवताना घोकलं. राहीबाई ऐकत होती. "अडतीस वरसं दुसऱ्याचं वजन केलं," ती भांडी घासता-घासता म्हणाली. "आता आपलं करायची येळ आली तर दगूड शोधताय."

शुक्रवारी दुपारी तो तळवलीला गेला. अंगणात मांडव पडला होता, उंबराची फांदी बांधली होती. पाटावर प्रिया बसली होती, पिवळ्या साडीत, डोकं खाली घालून. परातीत वाटलेली हळद. भोवती वीसएक बायका. आणि पाटाच्या शेजारी, खुर्चीत उशा लावून, बायजाबाईला आणून बसवलं होतं. नवं लुगडं, केसांत अबोली. भाड्यानं आणलेला टेप स्टुलावर ठेवला होता, झाकण उघडं.

"आले आले, काका आले!" उन्नती धावत आली. "किती वाट बघायला लावलीत! आजीनं आज सकाळी चार घास खाल्ले माहितीय? द्या."

हौसेरावनं कॅसेट दिली नाही. घोकलेलं सगळं ओठावर होतं. तेवढ्यात म्हातारीनं त्याच्याकडं बघितलं आणि डावा हात वर केला, तसाच.

"त्यात काय न्हाई, बाळ," तो म्हणाला. "मी पुसली."

"म्हणजे?"

"विकाय काढली व्हती. म्हागाची हाय ही. चार हजार आले मला. विकायच्या आदी पुसायची, आसा आमचा नेम हाय. गोण कवाच सोडली व्हती. फोनवर खोटं बोललो."

बायकांचा कालवा बसत-बसत थांबला. मुक्ताबाईनं तोंडाला पदर लावला.

उन्नती ओरडली नाही. तिनं टेपचं झाकण लावलं आणि म्हणाली, "मी विचारलं होतं तुमाला. हसत विचारलं, पण विचारलं होतं. महाग हाय एवढं बोलला असतात ना, तर मी हातात घेऊन बघितली असती. वर काय लिवलंय वाचलं असतं."

"व्हय."

"चिठ्ठी वाचली होतीत?"

"वाचली."

"ऐकली पण?"

हौसेरावनं मान खाली घातली. "दोन वळी. मग बंद केली."

मागून मुक्ताबाई पुढं आली. तिनं त्याचं मनगट धरलं. रागानं नव्हे, बुडणारा धरतो तसं. "दोन ऐकल्या ना? मंग सांगा. मी पाटावं रडत होती, मना एक शबूद आठवत नाय. भाऊ, सांगा!"

आणि भर मांडवात, परक्या बायकांत, तो म्हातारा मापाडी गाऊ लागला. गळा घोगरा, चाल तुटकी, जावळीच्या जिभेवर आगरी शब्द अडखळत होते. पण त्यानं वजन चुकू दिलं नाही. जे घेतलं होतं, ते जेवढ्याला तेवढं परत ठेवलं:

कोनाचे गो अंगनान मांडीला पाट,
खारीचे गो बांदावं कोन पाहे वाट?

बायजाबाईचे ओठ हलले. पहिल्या ओळीला हलले, दुसरीला हलले. डोळ्यांत पाणी नव्हतं, उजेड होता. दुसरी ओळ संपली तशी तिनं हात उंच केला, पन्नास वर्षं मांडवा-मांडवात केला असेल तसा, पुढची ओळ उचला म्हणून.

सगळ्या हौसेरावकडं बघू लागल्या.

"पुढं?" उन्नती म्हणाली.

"पुढं तिनं श्वास घेतला," हौसेराव म्हणाला. "तितं मी थांबवली."

म्हातारीनं स्वतःच तोंड उघडलं. सगळं तिच्या आत होतं. खारजमिनीच्या बांधावर कोण उभं होतं, कुणाची वाट बघत होतं, शेवटी कोण आलं, सगळं. मान ताणली, गळ्याच्या शिरा तटतटल्या. "आं," ती म्हणाली. "आं… आं… आं…" प्रिया पाटावरून उठायला गेली. कुणीतरी तिला खांदा दाबून बसवलं, हळदीच्या पाटावरून उठू नये म्हणून. म्हातारी थांबली. दमली.

हळद सुकायला लागली होती. धवला उठल्याशिवाय ती लावायची नाही, आणि परात तशीच परतही न्यायची नाही. कुणीतरी फोनवर गाणं लावू का विचारलं. मग मुक्ताबाईनं पुसलेल्या तोंडानं त्याच दोन ओळी धरल्या. दुसरीनं धरल्या, तिसरीनं धरल्या. पाच बोटं हळदीत बुडाली आणि प्रियाच्या गालाला लागली.

कोनाचे गो अंगनान मांडीला पाट, खारीचे गो बांदावं कोन पाहे वाट. मांडवाच्या खांबाशी हौसेराव उभा होता. त्याला कुणी जा म्हणालं नाही आणि बसा म्हणालं नाही. वीसच्या वीस जणी हळद लावून होईपर्यंत तेवढंच गाणं चाललं. दर वेळी दुसरी ओळ संपली की म्हातारीचा डावा हात वर यायचा, तिसरी मागायचा, आणि दर वेळी बायका खाली मान घालून पुन्हा पहिलीवर यायच्या.